युवक-मार्गदर्शन आणि प्रसारतंत्रज्ञान : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

उदगीर हे मराठवाड्याच्या सीमाभागातील महत्त्वाचे शहर होय. १७६० च्या मराठे-निजाम युद्धामुळे त्याचे नाव इतिहासात कोरले गेले. निजामी राजवटीत हा परिसर बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये नवनिर्मित लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि दखनी या भाषा येथे शेजारी-शेजारी नांदतात. १९६२ मध्ये महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय स्थापन होईपर्यंत उच्च शिक्षणासाठी येथील तरुणांना परगावी जावे लागे. घरातून प्रथमच महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पाठ्यपुस्तक असते. परंतु कोणता अभ्यासक्रम निवडावा, अर्ज कोठे करावा, अपयश आल्यास पुढे काय, हे सांगणारी जाणती व्यक्ती त्याच्या घरात सहसा नसते. ही उणीव तंत्रज्ञानाने भरून निघू शकते काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आकाशवाणी व श्रोतृमंडळे

या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात झालेली वाढ लक्षणीय होती. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती बरीच कमी होती. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो संयोजक, चर्चा आणि प्रश्नाला मिळणारे उत्तर यांमुळे.

हा प्रयोग प्रौढ शेतकऱ्यांसाठी होता, तरी त्यातील तत्त्व युवकांनाही लागू पडते. १९६९ मध्ये आकाशवाणीने दिल्ली केंद्रावरून 'युववाणी' ही सेवा सुरू केली आणि तरुणांना श्रोत्याबरोबरच वक्त्याचे स्थानही दिले. त्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. एकीकडे माध्यम आणि दुसरीकडे प्रत्यक्ष संघटन असे दोन्ही प्रवाह निर्माण झाले. परंतु त्यांची सांगड घालण्याचे कार्य अपुरे राहिले.

दूरचित्रवाणी व उपग्रह

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा 'साइट' प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत झाला. उदगीरपासून फार दूर नसलेला गुलबर्गा जिल्हा त्यात होता; मराठवाड्याचा मात्र त्यात समावेश नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे प्रसारण १९८४ मध्ये सुरू झाले, पण त्याची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. मराठी माध्यमातून आलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला ज्ञान डोळ्यांसमोर दिसत होते, तरी हाती लागत नव्हते. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'ने त्याच वर्षापासून मराठीत शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. या सर्व उपक्रमांत आशयाची कमतरता नव्हती. उणीव होती ती आशय आणि विद्यार्थी यांच्यामधील माणसाची.

मुक्त शिक्षण व संगणक

१९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ही उणीव ओळखली. स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांसोबत अभ्यासकेंद्र आणि तेथे भेटणारा 'समंत्रक' अशी रचना या विद्यापीठाने स्वीकारली. समंत्रक हा व्याख्याता नसून विद्यार्थ्याच्या अडचणी ऐकून त्याला वाट दाखवणारा सहायक होय, ही कल्पना युवक-मार्गदर्शनाच्या आधुनिक विचाराशी जुळणारी आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमामुळे तालुक्यांच्या गावांतही संगणक केंद्रे उभी राहिली. असंख्य तरुणांनी संगणकाला प्रथम स्पर्श केला तो अशाच केंद्रांत, शेजारी बसून शिकविणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकाच्या साहाय्याने.

महामारीचा काळ व त्यानंतर

२०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा भ्रमणध्वनी हाच वर्ग बनला. घरात एकच भ्रमणध्वनी आणि भावंडे अनेक, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थी मागे पडले. शालेय मुलांसाठी जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातील माणसे आणि परिसर यांनाच तिने शिक्षणाचे साधन मानले, हे तिचे वैशिष्ट्य होय. तत्पूर्वी २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने विद्यार्थी-मार्गदर्शक गुणोत्तराची माहिती महाविद्यालयांकडून मागविण्यास आरंभ केला होता. त्यामुळे पालक-शिक्षक योजनेला औपचारिक रूप आले. तथापि गुणोत्तर कागदावर मांडता येते, विश्वास मांडता येत नाही. विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट तयार झाला म्हणजे मार्गदर्शन झाले असे मानणे ही १९५६ पूर्वीच्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल. ज्या गटात केवळ सूचना येतात, तो गट म्हणजे मंडळाविना रेडिओच होय.

समारोप

सुमारे सात दशकांच्या या वाटचालीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. तंत्रज्ञान अंतर कमी करते, परंतु आपुलकी निर्माण करीत नाही. ती आधी असेल तर तिचा विस्तार मात्र करते. आशय विद्यार्थ्याच्या बोलीजवळ असला तरच तो स्वीकारला जातो. उदगीरसारख्या बहुभाषिक शहरात ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ठरावीक मुदतीत उत्तर मिळण्याची व्यवस्था हा कोणत्याही योजनेचा कणा असतो. म्हणून महाविद्यालयांनी नव्या उपकरणांवर खर्च करताना शिक्षकाच्या वेळेचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे. एका शिक्षकाकडे मोजके विद्यार्थी, महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि मधल्या काळात भ्रमणध्वनीवरून संपर्क, एवढी साधी रचनाही शेतमजुराच्या मुलाला शिक्षण अर्धवट सोडण्यापासून परावृत्त करू शकेल. पुणे केंद्राच्या श्रोतृमंडळांनी दिलेला धडा आजही तितकाच उपयुक्त आहे.