हिरडा, लोखंड आणि म्हातारं लाकूड

मुंबईतल्या चारकोपला जुनं लाकूड शोधायला जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. गावठाण सोडलं तर इथली बहुतेक वस्ती १९८५ नंतरची. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने भूखंड पाडले, पाणी आणि गटारं दिली, आणि घरं लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उभी केली. अशा घरात वाड्याची तुळई कुठून निघणार? पण हौस निघते. कुणाला कॅफेत जुनाट फळ्यांचं टेबल हवं असतं, कुणाला टीव्हीमागे कोठारासारखी भिंत. मग कुठल्यातरी गाळ्यात पाइनच्या कोऱ्या फळ्या दोन-तीन दिवसांत म्हाताऱ्या केल्या जातात.

आधी फळीवर तारेचा ब्रश, रेषेच्या दिशेनेच. पाइनमध्ये हंगामाच्या सुरुवातीची वाढ मऊ असते, नंतरची कडक. मऊ भाग खरवडून निघतो, कडक रेषा वर राहतात. मग बिनदुधाच्या कडक चहाचा हात. तो वाळला की बरणीतलं पाणी: व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवलेला साध्या लोखंडी तारेचा चोथा. भांड्यांची चकचकीत घासणी इथे कामाची नाही, ती स्टेनलेसची असते, सहजी विरघळत नाही. बरणीचं झाकणही घट्ट लावायचं नसतं, आत हायड्रोजन तयार होत असतो. ब्रश फिरवला तेव्हा फळी नुसती ओली दिसते. बघता बघता तिच्यावर राखाडी छटा चढते, मग करडी, मग काळपट.

ही युक्ती मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आली असं करणाऱ्यांनाही वाटतं. व्हिडिओतून आली असेलही, पण तिचं कूळ आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. पांढरे केस काळे करायला आजी लोखंडी कढईत आवळा, हिरडा, चहाचं पाणी आणि मेंदी रात्रभर भिजत घालायची. सकाळी तो लगदा काळाकुट्ट झालेला असे. कढईचं लोखंड आणि हिरड्याचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, यांची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हवा लागते तसा तो आणखी गडद होतो. चहात टॅनिन आहे म्हणूनच तो पाइनला पाजावा लागतो. पाइनमध्ये स्वतःचं फार कमी. बाभळीला चहाची गरज नाही. जिच्या सालीवर पिढ्यान् पिढ्या कातडी कमावली गेली, तिच्यात तुरटपणा मुरलेलाच असतो. गंमत एवढीच की ज्या रसायनाने आजी तरुण दिसायची, त्यानेच फळी म्हातारी दिसते.

हेच रसायन शाईचंही. आपल्याकडे काजळाची शाई होतीच, पण हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, यांचीही होती. युरोपात हजारावर वर्षं दस्तऐवज लिहिले गेले ते हिराकस आणि मायफळ यांच्या शाईने. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच, ओकच्या झाडावर किड्यामुळे धरणारी गाठ. आणि हिरडा तर सह्याद्रीने जगाला पुरवला. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं आजही बाळहिरडा गोळा करतात. विलायतेतले चर्मोद्योगवाले हिरड्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखत, आणि त्या यादीत जबलपूरच्या बरोबरीने आपलं वेंगुर्लाही होतं.

इतकं सगळं हाताशी असूनही आपल्या सुतारांनी लाकूड मुद्दाम जुनं केलं नाही, कारण त्यांचा सगळा जीव ते नवं राखण्यात होता. कोकणात वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं, घरातल्या सागवानाला लाखेचं पॉलिश. दारात ठोकलेल्या लोखंडी खिळ्याभोवती पावसाळ्यात निळसर काळा डाग पडला तर ते कामातलं वैगुण्य. चांगला मिस्त्री तिथे पितळी स्क्रू वापरायचा. आज पैसे मोजून घेतात तो हाच डाग, फक्त अख्ख्या फळीवर पसरलेला.

जुनेपणाची हौस बाहेरून आली. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकचं फर्निचर बंद जागेत अमोनियाच्या वाफेवर ठेवून गडद करी. ती वाफही लाकडातल्या टॅनिनलाच धरते. तबेल्यातलं ओक घोड्यांच्या मुतामुळे काळवंडतं, त्यावरून हे सुचलं अशी एक दंतकथा सांगतात. खरी असो वा नसो, मला ती आवडते. स्टिकलीला फसवायचं नव्हतं. फसवणाऱ्यांचा धंदा मात्र इतका भरभराटीला आला होता की हर्बर्ट सेसिन्स्की या इंग्रज जाणकाराने १९३१ मध्ये बनावट जुन्या फर्निचरच्या कलेवर अख्खं पुस्तक लिहिलं.

खरं म्हातारपण वेगळ्याच वाटेने येतं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागे सेल्युलोजचे रुपेरी धागे उरतात, आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी काळसर झाक चढवते. मऊ लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर झिजतं. गाळ्यातली बरणी रंग देते, ही झीज देत नाही. तारेचा ब्रश झिजेची नक्कल करतो, पण सगळीकडे सारख्याच हाताने.

दिवाणखान्यातल्या टेबलाला याने काही बिघडत नाही. पण ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात कुणी 'आजोबांच्या काळातलं' म्हणून कपाट पुढे केलं, तर दर्शनी बाजू बघत बसू नये. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. खऱ्या जुन्या खणाच्या सरकत्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, मुठीभोवती हाताच्या तेलाने लाकूड गडद झालेलं असतं, आणि पाठीमागे, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे फळी रंध्याच्या खुणांसकट कोरीच राहिलेली असते. आत-बाहेर, खाली-वर सगळीकडे एकसारखा करडा रंग दिसला, तर बिनधास्त नव्याच्या भावात मागावं.