राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना (ऑस्ट्रेलिया) : अनुज्ञेय खर्च

राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना (इंग्रजी नाव : नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, संक्षेप : एनडीआयएस) ही ऑस्ट्रेलियातील अपंग व्यक्तींना आवश्यक सेवा व साधनांसाठी निधी पुरविणारी शासकीय योजना आहे. नावात ‘विमा’ असला तरी येथे कोणी हप्ता भरत नाही व पॉलिसी घेत नाही. निधी केंद्र व राज्य सरकारे मिळून उभा करतात. तिच्या खर्चाला हातभार म्हणून १ जुलै २०१४ पासून मेडिकेअर कर १.५ वरून २ टक्के करण्यात आला. ‘उत्पादकता आयोगा’च्या २०११ च्या अहवालानंतर २०१३ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये काही भागांत योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. २०२० पर्यंत ती देशभर पोहोचली. कारभार पाहणाऱ्या संस्थेचे मुख्यालय व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग येथे आहे.

== पात्रता ==
अर्ज करताना वय ६५ वर्षांपेक्षा कमी असावे लागते आणि अपंगत्व कायमस्वरूपी व दैनंदिन जीवनावर लक्षणीय परिणाम करणारे असावे लागते. लवकर उपचार मिळाल्यास पुढील गरज कमी होईल अशा व्यक्तींसाठी स्वतंत्र तरतूद आहे. उत्पन्नाची अट नाही. अर्जदार नागरिक, कायम रहिवासी किंवा विशिष्ट संरक्षित व्हिसाधारक असला पाहिजे. त्यामुळे विद्यार्थी अथवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबे, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलीही आली, मूल अपंग असले तरी योजनेबाहेर राहतात. अपंगत्व निवृत्तिवेतनाशी या निधीची गल्लत केली जाते. निवृत्तिवेतन उदरनिर्वाहासाठी असते, तर हा निधी केवळ अपंगत्वामुळे वाढलेल्या गरजांसाठी असतो.

== खर्चाची कसोटी ==
कायद्याच्या ३४ व्या कलमातील ‘वाजवी व आवश्यक’ हा शब्दप्रयोग योजनेचा कणा आहे. मागितलेली सेवा व्यक्तीच्या उद्दिष्टांना साहाय्यभूत, परिणामकारक आणि किमतीच्या मानाने योग्य असावी लागते. कुटुंबाने व समाजाने स्वाभाविकपणे जे करणे अपेक्षित आहे त्याचाही विचार होतो. लहान मुलाला आंघोळ घालणे हे कोणत्याही आईवडिलांचे काम मानले जाते. पंधरा वर्षांच्या मुलाला उचलून आंघोळ घालावी लागत असेल, तर तो भार अपंगत्वातून आलेला ठरतो. निर्णय बहुधा अशा सीमारेषेवरच अडतात. तसेच जी जबाबदारी आरोग्य, शिक्षण वा अन्य यंत्रणेची आहे ती योजना उचलत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या कसोटीला याद्यांची जोड दिली. कोणत्या गोष्टी ‘योजनेतील साहाय्य’ आहेत आणि कोणत्या नाहीत, हे आता नियमांतच नमूद आहे. लैंगिक सेवांचे उदाहरण बोलके आहे. २०२० मध्ये फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यांचा खर्च विशिष्ट परिस्थितीत देता येतो असे ठरविले होते. २०२४ च्या यादीने त्या सरसकट वगळल्या.

== समाविष्ट व वगळलेले खर्च ==
घरात व बाहेर वैयक्तिक मदतनीस, व्यवसायोपचार, वाचोपचार, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्रे यांसारखी साधने, मूत्रनियंत्रणाची उत्पादने, घरातील उतरते मार्ग व स्नानगृहातील बदल, प्रशिक्षित साहाय्यक श्वान इत्यादींवर खर्च करता येतो. प्रति नग १,५०० डॉलरपेक्षा कमी किमतीची साधने कमी कागदपत्रांवर मिळतात. महागड्यांसाठी तज्ज्ञाचे मूल्यांकन लागते.

घरभाडे, गृहकर्ज, किराणा, वीज-पाणी, सामान्य कपडे, सहलीचा खर्च, मद्य, तंबाखू व जुगार यांना निधी मिळत नाही. एकाच वस्तूचा काही भाग मात्र मान्य होऊ शकतो. घरपोच जेवणात ते शिजवून आणून देण्याचा खर्च मान्य होतो, शिधासामग्रीचा नाही. मोटारीत खुर्ची चढवण्याची सोय करता येते, मोटार विकत घेता येत नाही. शाळेत स्वच्छतेसाठी मदतनीस मिळतो, शिकवणे ही शिक्षण खात्याची जबाबदारी राहते. डॉक्टर व रुग्णालय मेडिकेअरकडे येतात. टॅब्लेटसारखी सामान्य वस्तू एखाद्या मान्य साहाय्याच्या ऐवजी घेण्यासाठी अगोदर लेखी मंजुरी लागते. आधी खरेदी आणि मग विनंती असा क्रम चालत नाही. नियमबाह्य खर्चाची वसुली होऊ शकते.

== निधीची रचना ==
मंजूर ‘योजनापत्रा’तील रक्कम प्रामुख्याने दैनंदिन साहाय्य, क्षमतावृद्धी व भांडवली साहाय्य अशा गटांत विभागलेली असते. भांडवली गटातील रक्कम सामान्यतः त्याच वस्तूवर खर्च करावी लागते. दैनंदिन गटात मुभा अधिक असते. रकमेचा हिशेब संस्थेकडे, योजना-व्यवस्थापकाकडे किंवा स्वतःकडे ठेवता येतो. स्वतः सांभाळणाऱ्याला नोंदणीकृत नसलेल्या सेवादात्याकडूनही सेवा घेता येते, परंतु पावत्या जपून ठेवण्याचे दायित्व त्याच्यावर येते.

== नकार व दाद ==
मान्य न झालेल्या खर्चाविरुद्ध निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अंतर्गत पुनर्विचारासाठी अर्ज करता येतो. तेथेही समाधान न झाल्यास प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जाता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये याने जुन्या अपील न्यायाधिकरणाची जागा घेतली. २०१७ मध्ये एका सहभागी तरुणाच्या प्रवासखर्चाचा काही हिस्साच मंजूर झाला असता, साहाय्य वाजवी व आवश्यक ठरल्यावर त्याचा पूर्ण खर्च द्यावा लागेल असा निर्णय फेडरल न्यायालयाने दिला. अर्जासोबत ‘मदत हवी’ एवढेच लिहिलेल्या पत्रापेक्षा कोणते काम, किती वेळा, किती वेळ आणि मदतीविना काय घडते हे सांगणारा तज्ज्ञाचा अहवाल कितीतरी अधिक उपयोगी ठरतो.