पाव्हणं, पाय घट्ट रोवा

आधी पायातले बूट काढा. पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, काळा चष्मा, सगळं इथंच बारामतीत ठेवा. जिथं जायचंय तिथं यातलं काही चालणार नाही. मोबाईल तर नकोच, तिथून फोन करणार कुणाला? साल 1938 धरा. चैत्रातली नवमीची पहाट आहे. अंगात बंडी, कमरेला धोतर, पायात जाड कातडी वहाणा आणि डोक्याला कुणीतरी घाईघाईत गुंडाळून दिलेलं मुंडासं. ते सैल बसलंय. चार दिवस ते सुटत राहणार आणि दर वेळी मागचा गडी खिदळणार, हे आत्ताच ऐकून ठेवा.

कऱ्हेच्या पात्रात, सिद्धेश्वराच्या देवळाच्या बाजूला, दहा-बारा जण पोटरीभर पाण्यात उभे आहेत. हाताशी दोन तांब्याचे हंडे, चिंचेनं घासून लखलखीत केलेले. नाकात ओल्या वाळूचा आणि शेवाळाचा वास. वारा फिरला की त्यात गुऱ्हाळाचा गोडसर, जळका वास मिसळतो. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी इथं येऊन पन्नासेक वर्षं झाली, तेव्हापासून या भागात ऊस उभा राहिला आणि चैत्र लागला तरी एखादी काहील उकळतच असते. काठावरच्या वाड्यांकडं बोट करून एकजण तुम्हाला सांगतो, "हितं मोरोपंत ऱ्हायचे." त्याला स्वतःला एकही आर्या येत नाही, पण सांगताना छाती फुगते. बारामतीकरांची ही खोड जुनीच म्हणायची.

"पाव्हणं कुणाकडचं?" हा प्रश्न येणारच. उत्तराची तयारी करू नका. तुम्ही तोंड उघडायच्या आत तात्या बोलून मोकळे होतात, "पुण्याकडचं हायेत. तळवं बघा की, गुळगुळीत." तात्या म्हणजे या टोळक्यातले एकटे म्हातारे. बाकी सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. एक तालमीतला पैलवान. एक गुऱ्हाळावर राबणारा, त्याच्या हातांवर काहिलीचे चट्टे आहेत. एक दौंडाहून छोट्या गाडीनं काल रात्री उतरलेला. ती गाडी इतकी हळू येते की वाटेत उतरून बोरं खाऊन परत चढता येतं, असं तो शपथेवर सांगतो. आणि एक नवा नवरदेव, ज्याला लग्नावरून पिडण्यातच पहिले तीन कोस संपणार आहेत.

हंडे भरले. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळीचे वेढे, वर बेलाची डहाळी. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना ते लटकले, निशाण लागलं, घुंगरं बांधली, की कावड तयार. हे पाणी शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या डोक्यावर घालायचं आहे. अष्टमीला तिथं देवाचं लग्न लागून गेलंय. द्वादशीचा दिवस कावडींचा. गाडीवाटेनं जाऊन पायऱ्या चढणारे तिथं हजारोंनी असतात. तुमची टोळी कोथळ्याकडून, मुंगी घाटानं चढणार आहे. तिथं जनावर जात नाही, गाडी जात नाही, आणि तात्यांच्या मते शहाणा माणूसही जात नाही.

"मग आपण का चाललोय?"

"आपल्याला कोण शहाणं म्हणतंय?"

सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. तिथं सगळे अंघोळीला उतरतात, तात्या हंड्यात ओंजळभर नीरा घालतात आणि तुम्ही कमरेला धोतर गुंडाळून पलीकडं जाता. नदीच्या त्या काठाला फलटण संस्थान. राजा बदलला, पण पायाखालची ढेकळं तीच. ज्वारी कापून गेलेल्या रानात धसकटं उभी आहेत आणि ती वहाणेच्या कडेनं आत शिरतात. दुपारी चालायचं नाही. लिंबाखाली घोंगडी टाकून आडवं व्हायचं, दुफांगी बाभळीत कावड अडकवायची (भुईला टेकवायला तात्यांची सक्त बंदी) आणि फडक्यातली भाकरी सोडायची. भाकरी सकाळचीच आहे, पण उन्हानं तिचं कातडं झालंय. लसणाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. बस्स. आणि खरं सांगा, असं जेवण कधी जेवला होतात?

दुपार कलली की पुन्हा निघायचं ते रात्र चढेपर्यंत. चंद्र रोज थोडा मोठा होतोय, त्यामुळे वाट दिसते.

पहिल्या रात्री खांदा तुमच्याकडं येतो. पैलवान दांडा उचलून सरळ तुमच्या मानेशी ठेवतो, विचारत नाही. पहिली दहा पावलं वाटतं, एवढंच? अकराव्या पावलाला पाणी जागं होतं. तुम्ही थांबता, ते थांबत नाही. तुम्ही उजवीकडं कलता, ते क्षणभरानं कलतं, आणि तेवढ्यात तुम्ही डावीकडं सावरलेले असता. दोन्ही हंडे दोन हट्टी पोरांसारखे तुम्हाला दोन्हीकडं ओढतात. घुंगरं वेडीवाकडी वाजतात. मागून आवाज येतो, "पाव्हणं, भांडू नका त्येच्याशी. त्येच्या चालीनं चला." पाऊल आखूड करा, गुडघे सैल सोडा, कंबर हलू द्या. पाव कोसानं जमायला लागतं. घुंगरं तालात येतात. नेमकं तेव्हाच मुंडासं सुटतं.

तहान लागते ती दशमीच्या दुपारी. दोन हंडे पाणी खांद्यावर, घशाला कोरड, आणि त्यातला थेंब कुणी घेत नाही. घ्यायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही, हे तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. तुमच्या मनात मात्र येतो. आपल्या काळात याला कुणी श्रद्धा म्हणेल, कुणी वेडेपणा. मला विचाराल तर ही शुद्ध ऐट आहे, आणि ती या माणसांना शोभते. आयुष्यभर पावसाकडं तोंड करून बसणाऱ्या मुलखातली माणसं वर्षातून एकदा देवाला पाणी पाजायला निघतात. त्यातलं घोटभर मधेच पिऊन टाकलं तर मग देवापुढं बोलायचं कुठल्या तोंडानं? पुढच्या गावात एक मावशी दारात माठ घेऊन उभ्याच असतात. दोन ओंजळी पिऊन तिसरी डोक्यावर ओता.

एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मुक्काम नातेपुत्यात. इथं शांतता संपते. इंदापूरकडची मंडळी येऊन मिळालीत, लासुर्ण्याची, कळंबाची. त्यातल्या दोघांच्या अंगाला वालचंदनगरच्या नव्या साखर कारखान्याच्या मळीचा वास चिकटलाय आणि बाकीचे त्यांच्यापासून लांब झोपायची जागा शोधतायत. हलग्या शेकोटीवर शेकून ताणल्या जातात. चामडं तापलं की आवाज टणक होतो आणि तो सरळ बरगडीत वाजतो. ओल्या घोंगड्या, बिडीचा धूर, बैलांचं शेण, करपलेली भगर. झोप? विसरा.

आणि मग द्वादशीची सकाळ. कोथळ्याच्या रानातून वर बघा.

समोर डोंगर नाही, भिंत आहे. काळ्या दगडाचे थरावर थर, मधे पिवळ्या गवताचे पट्टे, एखादं निवडुंग, आणि त्या सगळ्यातून वर गेलेली एक चीर. त्या चिरेत काहीतरी हलतंय. डोळे बारीक केलेत की कळतं, माणसं आहेत. त्यांच्यामधून एक लाल ठिपका इंच-इंच वर सरकतोय, ते कुठल्यातरी गावच्या कावडीचं निशाण. शिंगणापूरचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे. पण आकड्यानं काही होत नाही. पोटात जो गोळा आलाय त्याची उंची कुणी मोजलेली नाही.

"वहाणा काढा." त्या कमरेला बांधा. उघडा तळवा दगडाला धरतो, कातडं घसरतं. दगड तापलेला आहे, एका जागी पाय ठेवून विचार करत बसलात तर भाजेल. म्हणजे विचार करायचा नाही, हे दगडानंच ठरवून टाकलंय.

खालचा टप्पा घसाऱ्याचा. पाऊल टाकलं की अर्धं मागं येतं. वरून आरोळी येते, "धोंडा आला, धोंडाऽ!" आणि सगळे डोंगराला छाती लावतात. तुमच्या कानाजवळून नारळाएवढं काहीतरी उड्या मारत जातं आणि खाली बाभळीत शिरतं. कुणी काही बोलत नाही. मग नवरदेव म्हणतो, "बायकोला काय सांगितलं असतंत?" आणि सगळी रांग हसते, तुम्हीसुद्धा, जरा जास्तच मोठ्यानं.

घसारा संपतो आणि उभा कातळ लागतो. आता कावड एकाच्या खांद्यावर राहत नाही. चौघं वर जाऊन खोबणीत पाय अडकवून बसतात, चौघं खाली. दांडा आडव्याचा उभा होतो. खालचे खांद्यानं, मानेनं, डोक्यानं रेटतात, वरचे ओढतात, आणि बाकी सगळे दोन्ही बाजूंनी साखळी करून एकमेकांना धरतात. तुमच्या आधी किती पावलं इथून गेली ते खोबण्यांवरून कळतं. त्या पायाच्या बोटांच्या मापानं झिजल्यात, आत गुळगुळीत आणि कडेला खडबडीत. पैलवान वरून हात देतो. तुम्ही त्याचा पंजा धरता. तो झटकतो. "पंजा न्हाय, मनगट. घामानं सुटतंय." मनगटाला मनगट. त्याची नाडी तुमच्या बोटांखाली उडतेय, आणि त्याला तुमचीही लागत असणार.

दुसऱ्या हातानं तुम्ही ज्याला धरलंय तो तुमच्या टोळीतला नाहीच. मराठवाड्यातून आलेला कुणी अनोळखी माणूस आहे, दातांत तंबाखू, नाकावर घामाचे थेंब. त्यानं तुमचं धोतर कमरेशी मुठीत पकडलंय. जन्मात पुन्हा तो दिसणार नाही, आणि या घटकेला तुमचा जीव त्याच्या मुठीत आहे. त्याला याचं काही विशेष वाटत नाही. "पाव्हणं, पाय घट्ट रोवा," एवढंच म्हणतो. सगळ्या मुलखानं तुम्हाला पाव्हणं म्हणायचं ठरवलंय वाटतं.

"हर हर महादेव!" खालून आरोळी उठते, कातळावर आदळते आणि तुमच्या पाठीत शिरते. हंडा वर येतोय. तो तुमच्या छातीसमोरून जातो, इतका जवळून की तांब्यात तुमचं तोंड दिसतं, वाकडं, लाल, मुंडासं नसलेलं. आत पाणी डुचमळतं. एक धार फडक्यातून सुटून तुमच्या हनुवटीवर पडते, ओठावर येते. आता हे पिणं झालं की नाही? तात्यांना विचारू नका.

माथ्यावर पोचता तेव्हा पाय तुमचे राहिलेले नसतात. आडवे व्हा. पण फार वेळ नाही, कारण दिवस उतरायला लागलाय आणि सगळी गर्दी कड्याच्या काठाकडं सरकतेय. तेल्या भुत्याची कावड घाटाला लागली! सासवडहून, कऱ्हेचंच पाणी घेऊन आलेली. मान तिचा, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी चढते. तुमचे हंडे तिच्या रांजणांपुढं पोरखेळ. बारामतीत नदीवर बढाया मारणारा तो दौंडवाला आता गप्प उभा आहे. काठावरून बघितलं तर कावड दिसतच नाही, नुसती डोकी, हात आणि धूळ, त्या धुळीतून दोन रांजण वर येतात, थांबतात, हातभर खाली जातात, आणि त्या क्षणी काठावरच्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो, "धाव म्हादेवाऽ!" पुन्हा वर. कुणीतरी तुम्हालाही पुढं ढकलतं. वरच्या टप्प्याला साखळी कमी पडतेय. आत्ता तर आडवे होता! पण उतरता. बोटं आपोआप मनगट शोधतात.

रांजण काठावर आले तेव्हा सूर्य बुडालेला आणि चंद्र वर आलेला असतो. त्यानंतर तास-दोन तास काय होतं ते नीटसं सांगता येत नाही. ढोल, सनई, नाचणाऱ्या कावडी, पायऱ्यांवर माणसांचा लोंढा, त्यात तुमचे पाय भुईला लागतात तेवढेच. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. आत कापूर, ओला बेल, धूर, कोंदटपणा, कुणाचं तरी कोपर बरगडीत. तात्या फडकं सोडतात. चार दिवस ज्याच्यासाठी जीव काढला ते पाणी डोळ्यांदेखत ओतलं जातं, आणि मागचा माणूस ओरडतो, "सरा फुडं!"

बाहेर वारा. खाली मालोजीराजांनी 1600 च्या सुमारास बांधलेल्या तळ्याकाठी चुली पेटल्यात. भोसल्यांचा हा कुलस्वामी. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून त्यांनी ते बांधवलं. आज त्याच्या काठाला पाय ठेवायला जागा नाही. पिठलं रटरटतंय. तुम्ही भाकरी हातावर घेता तेव्हा कळतं, बोटं सरळ होत नाहीत, मनगट धरल्यासारखी वाकलेलीच राहिलीत. पैलवान ते बघतो आणि स्वतःची दाखवतो. त्याचीही तशीच.

तात्या मात्र कामात आहेत. घोंगडीवाल्याशी दोन आण्यांवरून त्यांची अर्ध्या तासाची हुज्जत चाललीय, आणि ती जिंकण्यासाठी त्यांनी तुम्हाला पुढं केलंय. "ह्यो बघ, खास पुण्याहून आलाय तुझी घोंगडी बघायला." घोंगडीवाला तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. गुडघे सोललेले, बंडी फाटलेली, डोक्याला काही नाही. पुण्याचा आहे यावर त्याचा काडीचा विश्वास बसत नाही. सौदा फिसकटतो. तात्या वळतात, रिकामे हंडे तुमच्या हातात देतात. "रिकामं हायेत, उतरताना तुमच्याकडं. आणि फुडच्या साली मुंडासं आम्ही बांधून देणार न्हाई, सांगून ठिवतो."