दंडवत आणि ‘प्रॉस्ट्रेशन’

इंग्रजीतील ‘प्रॉस्ट्रेट’ हा शब्द मोठा सर्वसंग्राहक आहे. देवापुढे पालथा पडलेला भक्त, जेत्यापुढे शस्त्र ठेवणारा राजा आणि उन्हाच्या तडाख्याने गळून गेलेला वाटसरू, या तिघांनाही तो चालतो. त्याचे मूळ लॅटिन ‘स्टेर्नेरे’, म्हणजे पसरणे, अंथरणे. आपला ‘स्तृ’ धातू त्याचाच सहोदर. यज्ञात अंथरावयाच्या दर्भास ‘प्रस्तर’ म्हणतात तो त्यावरूनच. ‘प्रोन’ निराळ्या कुळातला. तो नुसता पालथा. भक्ती नाही, शरणागतीही नाही.

मराठीने या अवस्था वेगळ्या ठेविल्या. निजलेला पालथा, हरलेला शरण, थकलेला गलितगात्र. देवापुढे मात्र दंडवत आणि लोटांगण: एकात माणूस काठीसारखा आडवा होतो, दुसऱ्यात लोळतो. अलीकडे वर्तमानपत्रांनी प्रत्येक राजकीय माघारीस ‘लोटांगण’ म्हणावयाचा प्रघात पाडला आहे, आणि साहेबापुढचे लोटांगण तर नोकरीपेशातील वाचकांस सांगावयास नकोच!

कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूरचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो. येथील सद्गुरुस्वामी (१७७७–१८१७) हे बोधेंद्र व श्रीधर अय्यावाळ यांच्यानंतरचे नामसिद्धान्ताचे तिसरे आचार्य. दक्षिणेतील भजनपद्धतीस त्यांनी ठरीव क्रम दिला. त्या संप्रदायात जयदेवाच्या अष्टपदींबरोबर आपले मराठी अभंगही गातात. नमस्काराची भाषाही जवळचीच. आपण पत्रारंभी ‘साष्टांग नमस्कार’ लिहीत आलो, तर तिकडचे श्रीवैष्णव ‘दंडन’ समर्पितात. देवळाभोवतीच्या लोटांगणास तमिळ लोक ‘अंगप्रदक्षिणम्’ म्हणतात.

स्वामी ऐन विशीत असताना, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, तंजावरच्या सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे किल्ला, वसुलाचा पाचवा हिस्सा आणि सालीना एक लक्ष पगोडे एवढे उरले. इंग्रजीत लिहिणारास हे राज्यही ‘प्रॉस्ट्रेट’ आणि मरुदानल्लूरची भजनी मंडळीही ‘प्रॉस्ट्रेट’. शब्द एक झाला की अर्थही एक वाटू लागतो. मग नामसंकीर्तन म्हणजे पराभूत, थकलेल्या प्रजेचा विसावा, असा निष्कर्ष हातचा होतो. मला तो मान्य नाही. बोधेंद्र व अय्यावाळ यांनी नाममहिमा सांगितला तेव्हा तंजावरचे भोसले गादीवर नांदत होते. आणि खुद्द सरफोजींनी तहानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशकथा मराठीत कोरविली.