गळ आणि ग्रंथ

एखाद्या क्रीडेविषयीचे वाङ्मय सामान्यतः त्या क्रीडेच्या भक्तांपुरतेच असते. बुद्धिबळाचे पुस्तक बुद्धिबळपटू वाचतो, कुस्तीचे पुस्तक मल्ल वाचतो. इतरांना त्याचे सोयरसुतक नसते. या नियमाला एक ठळक अपवाद आहे. पिसांची कृत्रिम माशी करून तिने मासा पकडण्याची जी कला इंग्लंडात विशेष वाढीस लागली, तिच्यावरील ग्रंथ जन्मात कधी गळ हाती न धरलेल्या वाचकांनीही आवडीने वाचले आहेत. असे का व्हावे, आणि त्या ग्रंथांतले कोणते ग्रंथ आपणही वाचावेत, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम ही कला म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ट्राउट नावाचा मासा थंड व निर्मळ वाहत्या पाण्यात राहतो. पाण्यात वाढून पृष्ठभागावर येणारे आणि तेथून पंख पसरून उडून जाणारे नाजूक कीटक हे त्याचे एक मुख्य अन्न. हे कीटक इतके कोमल असतात की गळाच्या आकड्याला टोचताच त्यांचा चेंदामेंदा होतो. यास्तव आकड्यावर रेशीम, लोकर व पिसे गुंडाळून कीटकाचा नुसता भास निर्माण करावयाचा आणि लवचिक काठीच्या फटक्याने तो अलगद पाण्यावर उतरवावयाचा, अशी ही युक्ती आहे. नेहमीच्या गळात टोकाचे वजन दोरीला ओढून नेते. येथे दोरीच्या वजनावर निर्वजन माशी प्रवास करते. आपल्या भाषेत मासा आणि माशी ही नावे भावंडांसारखी शोभतात. नदीत मात्र एकीच्या रूपाने दुसऱ्याचा घात होतो.

माशाला फसवावयाचे तर तो काय पाहतो व काय खातो हे आधी कळले पाहिजे. म्हणजे या कलेचे मूळ निरीक्षणात आहे. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन्ही प्रमाणे मानली आहेत. डोळ्यांनी पाहिलेले ते प्रत्यक्ष, आणि विश्वासार्ह माणसाने सांगितलेले ते शब्द. गळावरील ग्रंथांचा इतिहास हा या दोन प्रमाणांच्या स्नेहाचा आणि कलहाचा इतिहास आहे, आणि माझ्या मते त्यांची खरी गोडी त्यातच आहे.

या कलेचा जुन्यात जुना उल्लेख इ. स. २०० च्या सुमारास इलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने आपल्या प्राणिविषयक ग्रीक ग्रंथात केलेला आढळतो. मॅसिडोनियातील एका नदीत ठिपकेदार मासे आहेत. पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या एका माशीवर ते झडप घालतात. ती माशी माणसाचा हात लागताच विवर्ण होते म्हणून आमिषाच्या कामी येत नाही. तेव्हा तेथील कोळी आकड्याला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवितात. त्यांची काठी सहा फूट व दोरीही तेवढीच, असे तो लिहितो. इलियनने हे ऐकून लिहिले. परंतु ज्या अनामिक कोळ्यांनी ही युक्ती शोधली, त्यांनी कोणताही ग्रंथ वाचला नव्हता. त्यांनी नदी वाचली होती.

इंग्रजीतील पहिला ग्रंथ १४९६ साली विंकिन डी वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापला. डेम जुलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासिनीने तो रचिला अशी परंपरा आहे. संशोधकांना ती मान्य नाही. ग्रंथ लहानसाच आहे, पण त्यात बारा माशांची घडण महिन्यांच्या क्रमाने दिली आहे. त्याहून मोलाचा त्याचा उपदेश: लोभाने फार मासे मारू नयेत, गरिबाच्या राखीव पाण्यात गळ टाकू नये, वाटेतली फाटके उघडली तर पुन्हा लावावीत. हा निबंध स्वतंत्र चोपडीच्या रूपाने स्वस्तात निघाला तर तो रिकामटेकड्यांच्या हाती पडेल आणि नद्या मत्स्यहीन होतील, म्हणून तो हेतुतः शिकार व ससाणे यांवरील मोठ्या ग्रंथात घातला आहे, असा खुलासाही त्यात आहे. ज्ञान छापून प्रकट करावयाचे आणि त्याच वेळी ते कोणाच्या हाती जाईल याची धास्ती बाळगावयाची, ही छापखान्याच्या बाल्यातली द्विधा मनःस्थिती येथे मोठ्या प्रामाणिकपणे व्यक्त झाली आहे.

यानंतर जो ग्रंथ येतो त्याचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. आयझाक वॉल्टन याचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली लंडनात प्रसिद्ध झाला. वॉल्टन हा कापडाचा व्यापारी, राजपक्षाचा आणि धर्मनिष्ठ. चार वर्षांपूर्वीच, १६४९ साली, पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला होता. यादवीने घरे फुटली होती, ओळखीचे धर्मगुरू पदच्युत झाले होते. अशा काळात या साठीच्या गृहस्थाने नदीकाठच्या पायवाटा, मधाच्या वासाचे कुंपण, खाणावळीतील स्वच्छ चादरी आणि दोन मित्रांचा संवाद यांचे पुस्तक लिहिले. त्यात राजकारणाचा शब्द जवळजवळ नाही. आणि तेच त्याचे राजकारण होते. पराभूत पक्षाचा माणूस शिव्याशाप न देता आपल्या शांततेची राखण कशी करतो, हे पाहावयाचे असेल तर हे पुस्तक वाचावे.

तथापि माशीच्या बाबतीत वॉल्टन गुरू नव्हे, शिष्य होता. टॉमस बार्कर नावाच्या लेखकाकडून आपण हा भाग घेतला, हे त्याने उघड सांगितले आहे. ती उणीव त्याच्या तरुण मित्राने भरून काढली. चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत निर्मळ प्रवाहात माशीने ट्राउट कसा धरावा याचा दुसरा भाग जोडला. डव्ह नदीच्या काठी कॉटनने १६७४ साली एक लहानसे मासेमारीचे घर बांधले आणि दाराच्या दगडावर आपली व वॉल्टनची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. मैत्रीचे ते स्मारक अद्याप उभे आहे.

एकोणिसाव्या शतकात निरीक्षणाला शास्त्राची शिस्त आली. आल्फ्रेड रोनाल्ड्झ याने स्टॅफर्डशरमधील ब्लाइद नदीवर एक छोटी झोपडी बांधली आणि तीत बसून ट्राउटची परीक्षा घेतली. माशाला आपले बोलणे ऐकू येते का? झोपडीआडून बंदुकीचे बार काढले; मासे जागचे हलले नाहीत. त्याला चव कळते का? मेलेल्या माशांना मोहरी व मिरपूड फासून त्या नळीतून पाण्यावर फुंकल्या. माशांनी त्याही खाल्ल्या. १८३६ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात खरा कीटक आणि त्याची प्रतिकृती यांची रंगीत चित्रे शेजारी शेजारी दिली आहेत. प्रत्यक्ष प्रमाणाचा हा मोठा विजय होय.

आणि आता कलहाकडे येऊ. इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशर परगण्यात टेस्ट व इचेन या नद्या आहेत. खडूच्या थरांतून झिरपून आलेले त्यांचे पाणी आरशासारखे स्वच्छ असते. येथे फ्रेडरिक हॅलफर्ड याने जॉर्ज मॅरियट या मित्राच्या साहाय्याने वर्षानुवर्षे कीटक पारखले आणि १८८६ व १८८९ साली दोन ग्रंथ लिहिले. पृष्ठभागावर आलेला मासा आधी हेरावा, मग नेमक्या त्याच कीटकाची प्रतिकृती त्याच्या वरच्या बाजूस, कोरडी व तरंगती, अशी सोडावी, हे त्याचे सूत्र. ग्रंथ उत्तम होते, कारण ते पाहून लिहिले होते. पण त्यांच्या उत्तमपणानेच अनर्थ केला. अनुयायांनी त्यांची स्मृती बनविली. ‘कोरडी माशी’ ही पद्धत न राहता सोवळे झाले, आणि पाण्याखाली बुडणारी माशी वापरणारा कित्येक नद्यांवर पंक्तिबाह्य ठरू लागला.

हे सोवळे मोडणारा माणूस स्वतः हॅलफर्डच्या ग्रंथांवर वाढला होता. जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनचा वकील १८८३ पासून इचेनवर जात असे. एकदा त्याची माशी ओली होऊन बुडाली आणि नेमका तेव्हाच मासा तिला लागला. दुसऱ्या कोणी याला योगायोग म्हटले असते. स्क्यूजने पुढे धरलेल्या माशांच्या पोटातील ऐवज बारीक चमच्याने काढून पांढऱ्या बशीतील पाण्यात पसरून पाहिला. त्यात पंख फुटलेले कीटक थोडे. पंख फुटण्यापूर्वीच्या, पाण्याखालच्या अवस्थेतले फार. या अवस्थेला इंग्रजीत ‘निंफ’ म्हणतात. म्हणजे ग्रंथ जेथे पाहावयास सांगत होता त्याच्या खालीच मासा जेवत होता! १९१० साली त्याने हा विचार एका छोट्या पुस्तकात मांडला आणि ते आपल्या कोरड्या माशीच्या कट्टर मित्राला अर्पण केले. १९२१ सालचा ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ हा त्याचा सर्वांत परिपक्व ग्रंथ.

वाद शमला नाही. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफच्या युक्तायुक्ततेवर रीतसर चर्चा झाली. ऐंशीच्या घरातला स्क्यूज तेथे जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात होता. त्याच वर्षी सहकाऱ्यांच्या नापसंतीमुळे त्याने पन्नास वर्षांहून अधिक काळ जपलेले इचेनवरील पाणी सोडले. आणि पुढच्याच वर्षी निंफवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४९ साली तो वारला. त्याचा स्नेह व उत्तेजन लाभलेला फ्रँक सॉयर हा एव्हन नदीचा राखणदार. सरदारांच्या या क्रीडेत त्याने चाकर म्हणून जन्म काढला, पण १९५८ साली ‘निंफ्स अँड द ट्राउट’ हे त्याचे पुस्तक निघाले आणि तांब्याची तार व फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस एवढ्यावर केलेली त्याची निंफ जगभर गेली. ग्रंथ बैठकीत सुरू झाला आणि अखेर पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाकडे परत आला.

आपल्या देशाचाही या वाङ्मयाशी संबंध आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस याने १८७३ साली मंगळूर येथे ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा नायक महासीर. या ग्रंथाआधी टॉमसने दक्षिण कानडातील मत्स्यसंवर्धनावर सरकारी अहवाल लिहिला होता. त्याही आधी, १८३९ साली, कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीराची एक जात शास्त्रीय नावाने नोंदविली. त्या नावातील ‘खुद्री’ हा शब्द येथीलच. धरणांनी, प्रदूषणाने आणि सुरुंगाच्या दारूने या माशाची पुढे जी दैना झाली, तिच्यावर उपाय म्हणून लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पैदास हाती घेतली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल: करमणुकीसाठी जीव घेणाऱ्यांचे ग्रंथ आम्ही का वाचावेत? आक्षेप रास्त आहे, आणि या वाङ्मयाने तो टाळलेला नाही. १४९६ च्या निबंधातील लोभनिषेध ही त्याचीच सुरुवात. १९३९ साली अमेरिकेत ली वुल्फ याने असे मत मांडले की उमदा मासा एकदाच धरून संपवावा इतका स्वस्त नसतो. आज कित्येक नद्यांवर धरलेला मासा सोडून देण्याचाच नियम आहे. त्याने आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही, हे मी मान्य करतो. परंतु नदीवर विषारी पाणी सोडले गेले की प्रथम ओरड करणाऱ्यांत हे गळवाले असतात, हेही तितकेच खरे आहे. ज्याला नदीतला कीटक ओळखता येतो त्याला तो नाहीसा झाल्याचे कळते.

तेव्हा वाचावयाचे कोणते? वॉल्टनपासून आरंभ करावा आणि कॉटनचा भाग वगळू नये. मग सर एडवर्ड ग्रे यांचा १८९९ सालचा ‘फ्लाय फिशिंग’ घ्यावा. १९०५ ते १९१६ इंग्लंडचे परराष्ट्रमंत्रिपद भूषविणाऱ्या या गृहस्थाने लंडनच्या धुळीतून पहाटेच्या गाडीने हँपशरला पळण्याचा आनंद असा लिहिला आहे की नोकरीत जखडलेल्या कोणाही माणसाला तो आपलाच वाटावा. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली, हे ध्यानी ठेवून ती पाने वाचली म्हणजे त्यातील प्रकाशाला वेगळीच धार येते. नंतर स्क्यूज. आणि शेवटी अमेरिकन प्राध्यापक नॉर्मन मॅक्लीन यांची १९७६ सालची ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ ही दीर्घकथा. सत्तरी उलटल्यावर त्यांनी माँटानातील नदी, धर्मोपदेशक पिता आणि १९३८ साली खून झालेला धाकटा भाऊ यांच्यावर ती लिहिली. भाऊ माशी टाकण्यात अद्वितीय होता. त्याला समजून घेणे व वाचविणे मात्र घरातल्या कोणालाच साधले नाही.

हे चार ग्रंथ चार तऱ्हेचे आहेत, पण त्यांचा गुण एकच. ते वाचकाला ग्रंथात अडकवून ठेवीत नाहीत. पुस्तक मिटवून पाण्याकडे पाहावयास लावतात. हॅलफर्डचे ग्रंथ वाचून स्क्यूजने नदी पाहिली, म्हणून त्याला हॅलफर्डच्या पलीकडचे दिसले. गुरूचा खरा सन्मान तोच. ज्या समाजाला ग्रंथांचा अभिमान आहे, त्याने हा धडा माशांकडून घेतला म्हणून काही कमीपणा येत नाही.