खोताच्या गावातला कायदा

रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरात ‘बोटखत’ या नावाचा एक कागद आढळतो. सरकारी मोजणीच्या वेळी अमुक ठिकाण कोण कसतो, खोताशी त्याचे नाते कोणत्या प्रकारचे आणि वर्षाकाठी त्याने धान्यरूपाने वा रोखीने काय द्यावयाचे, याची नोंद त्यात केलेली असे. कायद्यापुढे सर्व समान, हे वचन आज आपण ज्या सहजतेने उच्चारतो, त्याचा अर्थ कोकणच्या संदर्भात नीट समजून घ्यावयाचा असेल तर आरंभ या बोटखतापासूनच करावा असे मला वाटते. कारण रूढीने माणसांची प्रतवारी करणे ही एक गोष्ट आणि सरकारने तीच प्रतवारी मोहरबंद करून दप्तरात जपून ठेवणे ही तिच्याहून फार निराळी व अधिक दुःसह गोष्ट आहे.

खोती ही इंग्रजांनी निर्माण केलेली संस्था नव्हे. आदिलशाही अंमलापासून तिची पाळेमुळे सापडतात. ओसाड पडलेली गावे लागवडीला आणावी, कुळांना बी-बियाणे द्यावे, सरकारचा ठरलेला जमा भरावा आणि त्याच्या मोबदल्यात गावाच्या वसुलाचा अधिकार भोगावा, असा तिचा मूळ व्यवहार होता. आणि ज्या डोंगराळ, वरकस मुलखात भातखाचरे दगड रचूनच उभी करावी लागतात, तेथे असा पुढाकार घेणाऱ्या माणसाचा उपयोगही निश्चितच झाला असेल. परंतु पुढे हा अधिकार वंशपरंपरागत झाला, भाऊबंदांत वाटला गेला आणि खोत हा सरकार व रयत यांच्यामध्ये असा उभा राहिला की सरकारला रयतेचे मुख दिसेना आणि रयतेला सरकार म्हणजे खोतच वाटू लागले. उभ्या पिकाचा अंदाज बांधण्याची अभावणी त्याच्या हाती; भाताचे अर्धेल आणि वरकस जमिनीचे तिर्धेल मोजून घेण्याचे मापही त्याच्याच ओटीवर. शिवाय ‘आठवेठ’ होती: आठ दिवसांतून एक दिवस कुळाने आपल्या अंगमेहनतीने खोताचे काम विनामूल्य करावयाचे. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, प्रभू होते, मुसलमानही होते. आणि कुणबी, महार, भंडारी हे बहुतांशी कुळांच्या बाजूचे लोक होते.

इंग्रजी अमदानीत मोजणी सुरू झाली तेव्हा खोत आणि सरकार यांच्यात मोठा तंटा माजला, चौकशीसाठी कमिशन बसले आणि अखेर १८८० चा खोती कायदा मंजूर झाला. या कायद्याने कुळांना काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आठवेठीसारख्या गोष्टींना आळा बसावा आणि खंडाला काही मर्यादा पडावी असा त्याचा रोख होता. तथापि त्याने जी समाजरचना कायम केली ती पाहण्यासारखी आहे. सरकारधाराच देणारा धारेकरी वर. त्याच्या खालोखाल दीडपट देणारा दिढीवाला आणि दुप्पट देणारा दुपटकरी. त्यांच्या खाली, १८४५ सालापासून तीच जमीन अखंड कसत आल्याचे ज्याला दाखवता येईल ते वहिवाटीचे कूळ. आणि सर्वांच्या तळाशी केवळ सालोसाल टिकणारे उपरी कूळ. धारेकऱ्याचा हक्क वारसाने चाले आणि विकताही येई. वहिवाटीच्या कुळाचा हक्क वारसाने चाले, पण खोताच्या संमतीवाचून तो सामान्यतः दुसऱ्याला देता येत नसे. उपऱ्याला हक्क असा नव्हताच. पस्तीस वर्षांची अखंड वहिवाट निरक्षर माणसाने शाबीत करावयाची आणि गावातला लिहिणारा हात मात्र बहुधा खोताचा, या विषमतेकडे कायद्याचे लक्ष गेले नाही.

विश्वनाथ नारायण मंडलिकांसारख्या, याच जिल्ह्यातील मुरुड गावी जन्मलेल्या विद्वान कायदेपंडिताने खोतांच्या मालकीहक्काची बाजू मांडली, आणि शतकाच्या अखेरीस रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्यांनीही ‘केसरी’तून खोतांचाच कैवार घेतला. परकीय सरकार जुने हक्क हिरावून घेते, हा त्यांचा आक्षेप प्रामाणिक होता. तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे की त्या हक्काच्या पलीकडे, बांधावर उभा असलेला कुणबी त्यांच्या युक्तिवादात दिसत नाही.

तो कुणबी बोलू लागला तो मुंबईच्या गिरण्यांत जाऊन आल्यावर. घरचा खंड मुंबईच्या पगारातून भरावा लागतो, हे ध्यानात आल्यावर त्याला खोताचा हिशेब नव्या डोळ्यांनी दिसू लागला असावा. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूण येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची शेतकरी परिषद भरली. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जो संप पुकारला, तो वर्षानुवर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले: खोताला नुकसानभरपाई द्यावी आणि कसणाऱ्याने सरकारधारा परभारे सरकारात भरावा, इतकी साधी मागणी. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या माणसाने हे बिल आणावे, याचे मला नवल वाटत नाही. अस्पृश्यता आणि खोती या दोहोंत माणसाची जागा जन्माआधीच ठरलेली असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हेही रत्नागिरीचेच. त्या वेळी मात्र बिल मंजूर झाले नाही.

तो कायदा झाला पुन्हा खेरांच्याच कारकीर्दीत, स्वराज्यानंतर. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९५० चा सहावा कायदा म्हणून नोंदला गेला. आणि त्याच वर्षी, २६ जानेवारीस, चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढील समानता सर्व व्यक्तींना देणारे संविधान अमलात आले होते. पुढे जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. समानतेचा तोच अनुच्छेद हाती घेऊन बिहारचे जमीनदार न्यायालयात गेले आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तेथील जमीनसुधारणा कायदा त्याच आधारावर रद्द ठरवला. शतकानुशतके ज्यांनी विषमता भोगवटा म्हणून भोगली, त्यांनीच समानतेचा आश्रय घ्यावा, हा पेच संसदेला सोडवावा लागला. पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले गेले. कायदेमंत्री या नात्याने आंबेडकरांनी तिचे समर्थन केले. आणि न्यायालयीन आक्षेपापासून सुरक्षित ठेवलेल्या पहिल्या तेरा कायद्यांच्या त्या यादीत सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती निर्मूलन कायदा आहे.