नोबल प्रारूप

नोबल प्रारूप हे हृदयपेशीतील विद्युत क्रियेचे पहिले गणितीय प्रारूप होय. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी ते १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले व १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. निलयांकडे विद्युत आवेग वेगाने पोहोचवणाऱ्या पुर्किंजे तंतूंचे ते वर्णन करते.

पार्श्वभूमी

पेशीपटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत विभवात होणाऱ्या क्षणिक चढउतारास क्रियाविभव म्हणतात. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या चेतातंतूतील क्रियाविभवाची समीकरणे मांडली. चेतातंतूत तो काही मिलिसेकंदांतच संपतो. पुर्किंजे तंतूत मात्र ३०० मिलिसेकंदांहून अधिक काळ टिकतो आणि त्यात जवळजवळ सपाट अशी ‘पठार’ अवस्था असते. त्यामुळे मूळ समीकरणे हृदयपेशीस जशीच्या तशी लागू पडत नव्हती.

रचना

प्रारूपात पेशीपटल हे विद्युत धारित्र मानले आहे. त्यातून वाहणाऱ्या एकूण आयनी प्रवाहास धारितेने भागले असता विभव बदलण्याचा वेग मिळतो. विभव आणि आयनमार्गांच्या उघडझापीची तीन चले अशी एकूण चार अवकल समीकरणे त्यात आहेत.

ऑटो हटर व नोबल यांच्या प्रयोगांत विभव वाढताच पोटॅशियमची संवाहकता घटत असल्याचे आढळले होते. म्हणून नोबल यांनी पोटॅशियम प्रवाहाचे दोन भाग केले: एक विभव वाढताच घटणारा व दुसरा सावकाश वाढणारा. पोटॅशियम बाहेर जाण्याचे प्रमाण असे मर्यादित राहिल्याने अल्प आवक प्रवाहावरही पठार टिकते आणि आयनांची देवाणघेवाण कमी होते. लंडन विद्यापीठाच्या फेरांटी मर्क्युरी संगणकावर ही समीकरणे सोडवली असता दीर्घ क्रियाविभव व स्वयंस्फूर्त लय ही दोन्ही मिळाली. लय निर्माण करणारा वेगळा घटक त्यात घालावा लागला नाही.

मर्यादा व सुधारणा

हृदयपेशीतील कॅल्शियम प्रवाह त्या वेळी ज्ञात नव्हता. त्यामुळे पठार टिकवण्याचे काम प्रारूपात सोडियम प्रवाहाकडे सोपवलेले होते. हाराल्ड रॉयटर यांनी १९६७ मध्ये पुर्किंजे तंतूंतील कॅल्शियम प्रवाहाचा पुरावा दिला. लयीस कारणीभूत मानलेला सावकाश पोटॅशियम प्रवाह हा प्रत्यक्षात विभव ऋण झाल्यावर सुरू होणारा आवक प्रवाह असल्याचे दारिओ डिफ्रान्चेस्को यांनी १९८१ मध्ये दाखवले. या दुरुस्त्या १९८५ च्या डिफ्रान्चेस्को–नोबल प्रारूपात समाविष्ट झाल्या. निलयपेशींसाठी बीलर–रॉयटर (१९७७) व लुओ–रूडी (१९९१) ही प्रारूपे तयार झाली.

महत्त्व

मूळ प्रारूपातील काही प्रवाहांची ओळख चुकीची ठरली, तरी आयनी प्रवाहांच्या परस्परक्रियेतून हृदयाची लय समजून घेण्याची त्याची पद्धत टिकून राहिली. काही औषधे पोटॅशियम मार्ग रोखून क्रियाविभव लांबवतात व त्यामुळे प्राणघातक अतालता उद्भवू शकते. हा धोका आधीच ओळखण्यासाठी मानवी निलयपेशीचे ओहारा–रूडी प्रारूप (२०११) वापरले जाते. तेही याच पद्धतीवर आधारलेले आहे.